पॅच मारला, पण पुढचं काय? पुण्यातल्या एका होस्टिंग सर्व्हिसचा रिव्ह्यू

नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेचं ऑनलाइन बुकिंग पोर्टल मी सांभाळतो. मुलं लॉगिन करतात, सीट बघतात, महिन्याची फी भरतात, लॉकर घेतात, एवढंच त्याचं काम. हे पोर्टल बरीच वर्षं पुण्यातल्याच एका होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर होतं आणि आता त्यांच्याकडून हलवलंय. कंपनीचं नाव लिहीत नाहीये. त्यांचं कौतुकही करायचंय आणि तक्रारही आहे, आणि जे मी सांगणार आहे ते तुम्हाला तुमच्या होस्टिंगवाल्याला विचारता येईल, मग तो कोणीही असो.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. फोन लागतो. रात्री अकरा वाजता लावला तरी लागतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो, "सर, टिकीट नंबर सांगा" म्हणून ताटकळत ठेवत नाही, सरळ काय झालंय विचारतो. आमचे अभ्यासिकेचे काका, म्हणजे मालक, सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांनी एकदा स्वतः फोन केला होता रिन्यूअलसाठी तर त्यांनाही नीट समजावून सांगितलं. बिल यूपीआयने भरता येतं, जीएसटीचं इन्व्हॉइस त्याच दिवशी मेलवर येतं, सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असल्यामुळे साइट पटकन उघडते. एकदा डेटाबेस बिघडला होता तेव्हा बॅकअपवरून रातोरात उभा करून दिला, सकाळी सहाला मुलं अभ्यासिकेत यायच्या आत पोर्टल चालू होतं. या सगळ्यासाठी त्यांना मनापासून मार्क देतो. छोट्या धंद्याला, क्लासला, मेसवाल्याला नुसती माहितीची साइट टाकायची असेल तर आजही त्यांचंच नाव सांगेन.

पण २०२५ च्या डिसेंबरमध्ये जे झालं त्यात ही कंपनी माझ्या मनातून उतरली.

झालं असं की मोंगोडीबी नावाचं जे डेटाबेस सर्व्हरचं सॉफ्टवेअर आहे (आमचं पोर्टल त्याच्यावरच चालतं, आणि जगभरात प्रचंड वापरलं जातं) त्याच्यात एक भोक सापडलं, सीव्हीई-२०२५-१४८४७ हा त्याचा नंबर, लोकांनी त्याला मोंगोब्लीड नाव दिलं. भोक कसं आहे ते सोप्या भाषेत सांगतो. सर्व्हरशी बोलताना डेटा झेडलिब नावाच्या पद्धतीने कॉम्प्रेस करून, म्हणजे दाबून लहान करून, पाठवता येतो, आणि सोबत सांगायचं असतं की उघडल्यावर हा एवढा मोठा होईल. आता कोणी मुद्दाम खोटं सांगितलं, खरा डेटा चिमूटभर आणि आकडा मोठा, तर सर्व्हर त्या मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवून तेवढी मेमरी बाजूला काढायचा, खरा डेटा थोड्याच जागेत मावायचा आणि उरलेल्या जागेत मेमरीत आधीपासून जे काही पडलेलं असेल ते तसंच उत्तरात बाहेर जायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे करायला लॉगिनच लागत नाही. युजरनेम नाही, पासवर्ड नाही, फक्त सर्व्हरच्या पोर्टपर्यंत, म्हणजे इंटरनेटवरून आत यायच्या दारापर्यंत, पोचता आलं की झालं. पुन्हा पुन्हा विचारत राहायचं आणि दर वेळी मेमरीचे वेगवेगळे तुकडे गोळा करायचे.

हा प्रकार पहिला नाहीये. ज्यांना २०१४ चं हार्टब्लीड आठवतंय त्यांना हे वाचून लगेच ओळखीचं वाटेल. ते ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे साइटशी होणारं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, होतं, १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या सगळ्या व्हर्जनमध्ये, ७ एप्रिल २०१४ ला जाहीर झालं आणि १.०.१जी मध्ये दुरुस्त झालं. तिथेही हेच, पाठवणारा सांगतो एवढं परत दे, सर्व्हर न मोजता परत देतो, एका वेळेला ६४ केबीपर्यंत. मार्च २०१२ मध्ये १.०.१ बाहेर आलं तेव्हापासून ते भोक तिथे होतं, म्हणजे दोन वर्षं जगातल्या कितीतरी बँका, मेल सर्व्हर, सरकारी साइट त्याच्यासकट चालत होत्या. कॅनडाच्या टॅक्स खात्यातून तेव्हा सुमारे ९०० लोकांचे सोशल इन्शुरन्स नंबर गेले होते. आणि हार्टब्लीडनंतर सगळ्यांनी एक गोष्ट घोकली होती: आधी पॅच (म्हणजे भोक बुजवणारी सॉफ्टवेअरची दुरुस्ती), मग नवीन की (सर्व्हरची गुप्त किल्ली) आणि सर्टिफिकेट (साइटचं ओळखपत्र), आणि त्याच्यानंतर पासवर्ड बदला. क्रम महत्त्वाचा. पॅच व्हायच्या आधी पासवर्ड बदलला तर नवा पासवर्डही त्याच गळक्या मेमरीतून जातो आणि सगळी मेहनत फुकट. आणि नुसता पॅच मारून बाकी काहीच केलं नाही तर जे आधीच चोरीला गेलंय ते चोराकडे चालूच राहतं. पाण्याच्या टाकीचं भोक बुजवलं म्हणून वाहून गेलेलं पाणी परत येत नाही, एवढं साधं आहे हे.

आता आमच्या पोर्टलच्या मेमरीत काय असू शकतं याचा मी तेव्हा बसून विचार केला. मुलांचे पासवर्ड आम्ही बीक्रिप्टने हॅश करून, म्हणजे उलट फिरवून वाचता येणार नाही अशा रूपात, ठेवतो, ही १९९९ पासूनची पद्धत आहे आणि ती मुद्दाम संथ ठेवलेली आहे, म्हणजे हॅश हाताला लागला तरी अंदाज करून करून मूळ पासवर्ड काढायला चोराला प्रचंड वेळ लागतो, निदान पासवर्ड बरा असेल तर. पण मेमरीत नुसते हॅश नसतात ना. मुलांचे मोबाइल नंबर, ईमेल, चालू लॉगिनचे सेशन टोकन (एकदा लॉगिन झाल्यावर मिळणारा पासच म्हणा), पासवर्ड रिसेटच्या लिंकमधले टोकन, एसएमएस पाठवायच्या सर्व्हिसची की, हे सगळं डेटाबेसमधून येजा करत असतं. सेशन टोकन हाताला लागलं तर पासवर्डची गरजच नाही, तो माणूस थेट आत. आणि ही मुलं बघा कोण आहेत, बीड, लातूर, नांदेड, सोलापूरकडून येऊन सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात, एमपीएससीसाठी वर्षानुवर्षं घासतात. त्यातल्या कितीतरी जणांचा सगळीकडे एकच पासवर्ड असतो, अभ्यासिकेला तोच, ईमेलला तोच, आणि परीक्षेचे सगळे मेसेज त्या ईमेलवर येतात. अशा मुलाला कोणी त्याचं नाव, नंबर, कुठली अभ्यासिका हे सगळं अचूक सांगून फोन केला की तुमच्या अर्जात प्रॉब्लेम आहे एवढे भरा, तर तो पैसे भरेल हो. म्हणून मला हे प्रकरण लहान वाटत नाही.

तर बातमी वाचल्यावर मी होस्टिंगवाल्यांना फोन केला. त्यांच्याकडून आपणहून काहीच आलं नव्हतं, मेल नाही, एसएमएस नाही, पॅनलवर नोटीस नाही. ख्रिसमसच्या सुमारास तर हे भोक वापरायचा कोड उघडपणे इंटरनेटवर फिरायला लागला होता. फोनवरच्या मुलाने, तो बिचारा चांगला बोलला, सांगितलं की "हो सर, आम्ही सगळे सर्व्हर पॅच केलेत, काळजी करू नका." आणि खरंच केलेले होते, मी व्हर्जन तपासलं, आमचा सर्व्हर ४.४ वर होता तो ४.४.३० झालेला होता. या वेगाचं कौतुक आहे. पण लगेच प्रश्न असा की मॅनेज्ड प्लॅनचे, म्हणजे सर्व्हरची देखभाल त्यांनीच करायची त्याचे, पैसे घेऊन आम्हाला ४.४ वर ठेवलंच का होतं? त्या व्हर्जनचा सपोर्ट फेब्रुवारी २०२४ मध्येच संपलाय. मोंगोडीबीवाल्यांनी भोक गंभीर म्हणून जुन्या ४.४ लाही पॅच दिला हे त्यांचं चांगुलपण, ४.२ आणि त्याच्या आधीच्यांना तोही मिळाला नाही. आम्ही अपग्रेडसाठी आधी मेल टाकलेला होता, उत्तर आलं होतं की "चालतंय तर कशाला हात लावायचा".

मग मी विचारलं की पॅच कधी केला, नक्की तारीख आणि वेळ. हे का विचारलं, तर भोक जाहीर झाल्यापासून पॅच होईपर्यंतचा जो काळ आहे तो सगळ्यात धोक्याचा. सांगता आलं नाही. मग विचारलं डेटाबेसचा पोर्ट, २७०१७, बाहेरच्या जगाला उघडा होता का? उत्तर, हो, "डिफॉल्ट तसंच असतं सर, कस्टमरला कनेक्ट करायला सोपं पडतं." हे ऐकून मला खरंच राग आला. आमचं पोर्टल आणि डेटाबेस त्यांच्याच दोन मशीनवर, शेजारी शेजारी, बाहेरून कोणी त्या पोर्टला यायचं काही कारणच नाही. फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून कोणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या पहाऱ्यात, एक नियम टाकला असता तर हे भोक असूनही आमच्यापर्यंत कोणी पोचलं नसतं. सोय म्हणून दार उघडं ठेवलेलं, आणि ते उघडं आहे हे आम्हाला सांगितलेलं सुद्धा नाही.

मग लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी आलं त्याच्या नोंदी, मागितले. मोंगोडीबीच्या लॉगमध्ये कुठल्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) कनेक्शन आलं ते असतं, आणि नेहमीचा प्रोग्रॅम कनेक्ट झाला की स्वतःची ओळख सांगतो, कुठला ड्रायव्हर, कुठलं व्हर्जन वगैरे, त्याचीही ओळ उमटते. भोक वापरणारे बरेचसे स्क्रिप्ट ही ओळख सांगतच नाहीत, नुसते झपाझप कनेक्ट होतात आणि जातात. म्हणजे थोड्या वेळात एकाच अनोळखी आयपीवरून ढीगभर कनेक्शन आणि ओळख एकाचीही नाही, असं दिसलं तर समजायचं की कोणीतरी येऊन गेलं. लॉग असते तर एका संध्याकाळीत निकाल लागला असता. पण लॉग त्यांनी मोजके दिवसच ठेवले होते, जागा वाचवायला, त्याच्या आधीचे पुसलेले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, लॉग १८० दिवस ठेवायचे आणि अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची. होस्टिंग आणि डेटा सेंटरवाल्यांना हे लागू आहे. फोनवरच्या मुलाला याची कल्पना नव्हती, त्याच्या वरच्यांनाही असावी असं बोलण्यावरून वाटलं नाही.

एवढ्यावरही मी कदाचित थांबलो असतो, पण पुढचं ऐका. म्हटलं निदान त्यांच्या कंट्रोल पॅनलचा आमचा पासवर्ड तरी बदलू. तो काकांनी कधीतरी सेट केलेला, डायरीत कुठे सापडेना, म्हणून "पासवर्ड विसरलात?" वर क्लिक केलं. मेल आला. त्या मेलमध्ये नवीन पासवर्ड ठेवायची लिंक नव्हती, आमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा लिहून आला होता. म्हणजे यांच्याकडे सगळ्या कस्टमरचे पासवर्ड वाचता येतील अशाच रूपात पडून आहेत. हॅश केलेला पासवर्ड कंपनीला स्वतःलाही परत सांगता येत नाही, सांगता आला याचाच अर्थ तो हॅश केलेला नाही. आणि या पॅनलमधून काय होत नाही? डेटाबेस उतरवता येतो, डोमेन दुसरीकडे वळवता येतं, मेलबॉक्स उघडता येतात. यांच्या सर्व्हरमधून एकदा काही गळलं तर चोराला कष्टच नाहीत, आयती यादी. कुठलीही सर्व्हिस तुमचा जुना पासवर्ड मेलवर पाठवत असेल तर त्या दिवशी तिथून निघायची तयारी सुरू करा, मी तरी केली.

पुढचं सगळं आमचं आम्ही केलं. पोर्ट बाहेरून बंद, चालू असलेली सगळी सेशन रद्द म्हणजे सगळ्यांना जबरदस्तीने लॉगआउट, रिसेटचे जुने टोकन बाद, डेटाबेसच्या युजरचा पासवर्ड नवा, एसएमएसची की नवी. सेशन रद्द करण्यावर माझा विशेष जोर होता, कारण २०२३ मध्ये सिट्रिक्स कंपनीच्या नेटस्केलरमध्ये (कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये बाहेरून लॉगिन करायला वापरतात ते) असंच मेमरी गळण्याचं भोक निघालं होतं, पॅच १० ऑक्टोबरला आला पण चोर ऑगस्टपासूनच आत होते, आणि ज्यांनी पॅच मारला पण चालू सेशन मारली नाहीत त्यांच्याकडे चोरलेल्या टोकनवर लोक पॅचनंतरही शिरत राहिले. बोइंगसारख्या कंपनीला त्याच भोकातून फटका बसला. होस्टिंगवाल्यांनी कस्टमरला दोन ओळींचा मेल टाकून एवढं सांगितलं असतं की बाबांनो आम्ही पॅच केलाय, आता तुम्ही तुमच्या की आणि सेशन बदला, तरी मी हा रिव्ह्यू वेगळा लिहिला असता.

मुलांना कळवायचं काम सगळ्यात नाजूक होतं. काकांना वाटत होतं परीक्षेच्या तोंडावर कशाला घाबरवायचं. पण त्यांनाच नीट सांगितल्यावर म्हणाले, "अरे मग लपवून कसं चालेल, पोरं आपल्यावर विसंबून आहेत, लाव नोटीस." व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला आणि खालच्या दारावर कागदही चिकटवला. मेसेजमध्ये लिंक मुद्दाम दिली नाही, पोर्टलवर स्वतः जाऊन पासवर्ड बदला असं लिहिलं, कारण लिंक दिली की उद्या दुसरा कोणीतरी तसाच मेसेज बनवून खोटी लिंक पाठवणार. तरी एका मुलीचा फोन आलाच, "दादा, पासवर्ड बदला म्हणून मेसेज आलाय तो खरा आहे का फ्रॉड आहे?" तिने विचारलं याचा मला फार आनंद झाला. तिला सांगितलं, खाली येऊन कागद बघ, तोच मजकूर आहे.

ज्यांचा एकच पासवर्ड सगळीकडे होता त्यांना बिटवॉर्डन, म्हणजे सगळे पासवर्ड एका मास्टर पासवर्डखाली सांभाळणारं अॅप, बसवून दिलं. फुकटच्या प्लॅनमध्ये पासवर्ड कितीही ठेवता येतात आणि मोबाइल, लॅपटॉप दोन्हीकडे चालतं, कोड उघडा आहे. याला माझ्याकडून पूर्ण मार्क. मुलांना सुरुवातीला मास्टर पासवर्ड लक्षात ठेवायची धास्ती वाटते, तर चार-पाच असंबद्ध मराठी शब्द एकापुढे एक लिहा म्हणावं, लांबही होतो आणि लक्षातही राहतो. आणि हॅव आय बीन पोन्ड ही साइट, ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये सुरू केलेली, तिथे आपला ईमेल कुठल्या कुठल्या चोरीत सापडलाय ते कळतं. पासवर्ड तपासायची सोयही आहे, त्यात तुमचा पासवर्ड तिकडे जात नाही, त्याच्या हॅशची फक्त पहिली पाच अक्षरं जातात आणि बाकीची जुळवणी तुमच्याच ब्राउझरमध्ये होते. आमच्यातल्या कितीतरी मुलांचे ईमेल तिथे आधीच सापडले, वेगवेगळ्या जुन्या चोऱ्यांमध्ये. ते बघितल्यावर मग कोणाला समजवावं लागलं नाही.

काहीजण म्हणतील एवढ्याशा अभ्यासिकेच्या डेटाला कोण विचारतंय. पुण्यात हे कोणी म्हणू नये. २०१८ च्या ऑगस्टमध्ये इथल्याच कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून ९४ कोटी रुपये नेले होते, त्यातले बरेचसे काही तासांत कितीतरी देशांतल्या एटीएममधून निघाले. तो हल्ला वेगळ्या प्रकारचा होता, मान्य. पण असली भोकं शोधणारे स्क्रिप्ट अभ्यासिका आहे का बँक आहे हे बघतच नाहीत, इंटरनेटवरचा प्रत्येक आयपी चाचपत जातात आणि जिथे पोर्ट उघडा मिळेल तिथून घेतात. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे, होस्टिंगवाल्यांनी आणि आपणही तो आकडा बघून ठेवावा.

तर मार्क असे. सपोर्टची वागणूक पाचपैकी पाच. वेग आणि किंमत चार. पॅचची तत्परता साडेतीन, जुन्या व्हर्जनवर ठेवल्याचे कापले. सुरक्षा म्हणून जे काही असतं त्याला एक, आणि कस्टमरला खरं काय ते सांगणं याला शून्य. लॉगिन असलेली कुठलीही गोष्ट, क्लासचं पोर्टल, सोसायटीचं अॅप, पतसंस्था, दवाखान्याची अपॉइंटमेंट, यांच्याकडे ठेवू नका असंच सांगेन.

अपडेट: वरच्या सगळ्याचा लेखी मेल मी त्यांना टाकला होता, त्यावर मॅनेजरचा फोन आला. ऐकून घेतलं, वाद घातला नाही. नव्या कस्टमरसाठी डेटाबेसचा पोर्ट आता बाहेरून बंदच मिळेल असं म्हणाले, आणि पासवर्ड मेलवर पाठवणं बंद करून लिंक पाठवायची सोय करतोय म्हणाले, ती अजून झालेली नाही, मी तपासलं. जुन्या कस्टमरचे पोर्ट मात्र ते स्वतःहून बंद करणार नाहीयेत, कोणाचं चालू काम अडेल म्हणून. त्यामुळे तुमचा सर्व्हर पुण्यातल्या कुठल्याही अशा कंपनीकडे असेल तर आजच टिकीट टाका, २७०१७ बाहेरून बंद करा आणि मोंगोडीबीचं व्हर्जन नक्की कुठलं आहे ते लेखी कळवा असं लिहा, ८.० वर असाल तर ८.०.१७ किंवा पुढचं, ७.० वर असाल तर ७.०.२८ किंवा पुढचं. उत्तर फोनवर घेऊ नका, मेलवर मागा.